श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढतेच. माझंच काही चुकतंय का?

रातकिडी (मंगळवार, रात्री ३:२०)

एरवी मी वाचनमात्र असते, आज लिहितेय. का, ते वेळ बघून कळलंच असेल.

गेलं वर्षभर चिंतेचा त्रास आहे. कारण असं काही सापडत नाही. पोटात खड्डा पडतो, छातीत धडधडतं आणि आता काहीतरी होणार असं वाटत राहतं. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, ध्यान वगैरे करून बघा. म्हणून मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. तीन महिने झाले, रोज २० मिनिटं. श्वास बघा, अंगातल्या संवेदना बघा, विचार येतील नि जातील, नुसतं बघा.

बघते की! आता इतकं बघता येतं की डाव्या कुशीवर वळलं की उशीत कानाशी नाडीचे ठोके ऐकू येतात. पूर्वी यायचे नाहीत. मग मी ते मोजते. मध्येच एखादा चुकल्यासारखा वाटला की झोप गेली.

दोन प्रश्न आहेत. माइंडफुलनेसने चिंता कमी होते म्हणतात, मग माझी वाढली कशी? आणि त्या अ‍ॅपमधली बाई सारखं 'स्वीकार करा' म्हणते, म्हणजे नेमकं करायचं काय? हात टेकायचे?

आडवातिडवा (मंगळवार, सकाळी ७:०५)

आधी मला फक्त चिंता होती. ध्यान सुरू केल्यापासून आपण ध्यान नीट करतोय का याचीही चिंता आहे. प्रगती आहे!

तळटीप (मंगळवार, सकाळी ७:४०)

हसून हसून पुरेवाट.

रातकिडी, अगदी सेम. मी तर घड्याळ घेतलं होतं, मनगटावर ठोके दाखवणारं. दिवसातून पन्नास वेळा बघायचे. ८८ दिसले की ९६ व्हायचे, ९६ बघून ११०. शेवटी भावाला देऊन टाकलं. त्याला कधी वाटतच नाही बघावंसं. काही माणसांची घडणच वेगळी.

कासव (मंगळवार, सकाळी ९:१५)

रातकिडी, पंचवीसेक वर्षं बसतोय, अधूनमधून उठलोही आहे. तुझं वर्णन वाचून एकच सांगावंसं वाटलं. तू पाहत नाहीयेस, पहारा देते आहेस.

दोन्हींत डोळे उघडेच असतात. पण पहारेकऱ्याला चोर यायची वाट बघायची असते. पान हललं तरी तो काठी उचलतो. रात्रभर त्याने कितीही नीट पाहिलं तरी सकाळी तो ताजातवाना झालेला नसतो. ठोके मोजणं, कुठला चुकला ते धरणं, ही नोकरी झाली. आणि त्या अ‍ॅपने तुला चांगली दुर्बीण आणून दिली.

माझीही पहिली चार-पाच वर्षं यातच गेली. बाहेरून बघणाऱ्याला मी ध्यानस्थ वाटायचो, आत मात्र 'अजून कसं शांत होत नाही' म्हणून दात आवळलेले असायचे. तेव्हा कुणी सांगितलं नाही म्हणून तुला सांगतोय.

सांख्यिक (मंगळवार, दुपारी १२:३०)

कासवकाकांनी जे उपमेत सांगितलं ते आकड्यांतही दिसतं. माझं काम मानसशास्त्रातल्या प्रश्नावल्यांचं विश्लेषण करण्याचं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

रूथ बेअर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली सजगतेची (म्हणजे माइंडफुलनेसची) ३९ विधानांची एक प्रश्नावली काढली. सजगता म्हणजे एकच गोष्ट नाही, तिचे पाच पदर धरले: निरीक्षण, अनुभवाला शब्द देता येणं, भानावर राहून कृती करणं, निवाडा न करणं, आणि आत काही उठलं तरी त्यामागे न धावणं. यातले बाकीचे चार पदर जितके जास्त, तितका मानसिक त्रास साधारणपणे कमी. घोळ एकट्या 'निरीक्षणा'ने घातला. जे लोक मुरलेले ध्यानी होते त्यांच्यात निरीक्षण आणि स्वास्थ्य हातात हात घालून जात होतं. जे ध्यान करत नव्हते त्यांच्यात तसा संबंध दिसेना, उलट निरीक्षण जास्त असलेले काही बाबतींत अधिक त्रासात होते.

नुसतं लक्ष जास्त जाणं म्हणजे आवाज मोठा करणं. गाणं चांगलं लागलं असेल तर ठीक, नाहीतर भोंगा.

पुढे लिंडसे आणि क्रेसवेल यांनी २०१७ मध्ये यावर सिद्धांतच मांडला: निरीक्षणाने अनुभव तीव्र होतो, स्वीकाराने त्याची धार जाते, ताण कमी व्हायला दोन्ही एकत्र लागतात. मग तपासूनही पाहिलं. तणावाखाली असलेल्या १५३ प्रौढांना दोन आठवडे मोबाइलवरून धडे दिले. एका गटाला निरीक्षण अधिक स्वीकार, दुसऱ्याला फक्त निरीक्षण, तिसऱ्याला सजगतेशी संबंध नसलेलं दुसरंच काही. नंतर सगळ्यांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) आणि वरचा रक्तदाब पहिल्या गटात कमी चढला. नुसतं निरीक्षण शिकलेल्यांना तो फायदा मिळाला नाही.

तेव्हा रातकिडी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुमचं चुकत नाहीये, तुम्ही अर्धंच शिकलाय आणि ते अर्धं फार छान शिकलाय.

आडवातिडवा (मंगळवार, दुपारी १२:४१)

वाचनखूण साठवली. 'तोंडी गणितं' वाचूनच माझं कॉर्टिसोल चढलं.

फटकळ (मंगळवार, दुपारी २:१०)

मला हा 'स्वीकार' शब्द डोक्यात जातो, स्पष्टच सांगते.

आमच्या ऑफिसात तिघांचं काम मी एकटी करत होते. माणसं मागितली तर वरून आलं काय, तर माइंडफुलनेसचं दीड तासाचं सत्र! डोळे मिटा, खांदे सैल सोडा, जे आहे त्याचा स्वीकार करा. जे आहे ते म्हणजे रात्री अकरा वाजता येणाऱ्या मेल! मी खांदे सैल सोडले आणि तीन महिन्यांनी नोकरीही सोडली. धडधड ८० टक्के थांबली. कुठलंही ध्यान न करता.

चिंता हा कधीकधी बरोबर वाजणारा भोंगा असतो. त्याच्यावर उशी दाबून 'मी स्वीकारलंय' म्हणायचं, ही समजूतदारपणाची नवी तऱ्हा आहे. आणि ती बहुधा बायकांनाच शिकवली जाते, हेही नोंदवते.

तळटीप (मंगळवार, दुपारी २:२५)

फटकळताई +१००

उंबरठा (मंगळवार, रात्री ९:५०)

फटकळ, तुमच्या म्हणण्यातला राग मला रास्त वाटतो. मी समुपदेशक आहे आणि असली दीड तासाची सत्रं घ्यायला नकार दिलेला आहे.

पण एक गाठ सोडवू. स्वीकार परिस्थितीचा नसतो, या क्षणी आत जे जाणवतंय त्याचा असतो. 'मला इथे गुदमरतंय' हे तुम्ही मान्य केलंत म्हणूनच नोकरी सोडता आली. जी माणसं ते जाणवूच देत नाहीत, कामात आणखी गाडून घेतात, ती वर्षानुवर्षं तिथेच राहतात. स्टीव्हन हेज यांच्या ज्या उपचारपद्धतीत स्वीकाराला एवढं महत्त्व आहे, तिच्या नावातच स्वीकाराच्या जोडीला बांधिलकी आहे: अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. म्हणजे भीतीला जागा करून द्यायची, ती कशासाठी? तर आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं त्या दिशेने पाय उचलता यावा म्हणून. हेज यांनी स्वतः १९७८ साली विभागाच्या एका बैठकीत पहिला पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा अचानक येणारा झटका, अनुभवला होता. बोलायला उभे राहिले आणि तोंडातून आवाजच फुटेना. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी भरलेल्या खोलीत!

आता दाबून टाकण्याबद्दल. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर 'आता खुशाल करा' म्हटल्यावर या लोकांच्या डोक्यात अस्वलाने आधीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा जास्त थैमान घातलं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००४ चा प्रयोग. पॅनिकचा विकार असलेले ६० जण. सगळ्यांना ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा १५ मिनिटं श्वासात घ्यायला दिली. त्याने धाप लागते, हृदय जोरात चालतं, डोकं हलकं होतं, थोडक्यात झटक्याची रंगीत तालीमच. त्याआधी १० मिनिटं एका गटाला स्वीकाराबद्दल ध्वनिफीत ऐकवली, दुसऱ्याला भावना दाबण्याबद्दल, तिसऱ्याला भलत्याच विषयावरची. स्वीकारवाल्यांना चिंता कमी वाटली आणि 'पुन्हा एकदा घ्याल का' विचारल्यावर ते जास्त तयार होते. पण ठोके वगैरे शारीरिक मोजमापांत तिन्ही गटांत फरक नव्हता!

रातकिडी, हे नीट वाचा. ठोके तेवढेच होते. त्यांच्याशी भांडण कमी होतं.

रातकिडी (बुधवार, रात्री २:५५)

सगळ्यांचे आभार. पहारा शब्द फार लागला.

पण उंबरठा, मी स्वीकारही करून पाहिला हो. काल रात्री ठोके सुरू झाले तेव्हा मनात म्हटलं, ठीक आहे, या. स्वीकारलं तुम्हाला. दहा मिनिटं म्हणत राहिले. तरी गेले नाहीत.

आडवातिडवा (बुधवार, सकाळी ७:१०)

'या, बसा' म्हणायचं आणि डोळा मात्र दाराकडे: हे उठतायत कधी?

कासव (बुधवार, सकाळी ७:३०)

आडवातिडवा, दंडवत. पंचवीस वर्षांत मला एका ओळीत सांगता आलं नव्हतं.

पायऱ्या (बुधवार, सकाळी ११:००)

या 'तरी गेले नाहीत'वर लिहायलाच हवं. माझं सदस्यनाम उगाच नाही.

चार वर्षं मी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. ऑफिस सातव्या मजल्यावर. सुरुवात एका साध्या प्रसंगाने झाली: दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, जेमतेम सहा-सात मिनिटं. सोबत दोघं होते, ते मोबाइलवर क्रिकेट बघत होते. मी मात्र दाराच्या फटीतल्या काळ्या रबराकडे बघत होतो आणि हवा तिथूनच येतेय, आता संपणार, असं वाटत होतं. बाहेर पडलो तेव्हा स्टीलच्या भिंतीवर माझ्या घामाच्या पंज्याचा ठसा उमटलेला होता. तो ठसा मला अजून दिसतो.

मग मीही सगळं केलं. श्वास मोजणं, पाच वस्तू बघा चार आवाज ऐका, पाण्याची बाटली, हातात मोबाइल, सोबतीला माणूस. आणि शेवटी स्वीकारही! लिफ्टच्या दाराशी उभा राहून भीतीला म्हणायचो, ये बाई, स्वीकारलं तुला. मनात हिशेब असा की एवढं म्हटलं की ती जाईल. थोडक्यात मी स्वीकाराची लाच देत होतो. भीती ती घ्यायची आणि काम करायची नाही.

ज्यांच्याकडे मी जात होतो त्या ताईंनी एक दिवस विचारलं, 'समजा ही धडधड आयुष्यभर अशीच राहणार असेल, तर सातव्या मजल्यावर जाऊन काय काय करायचंय?' मला आधी राग आला. मी ती घालवायला पैसे देत होतो. मग यादी केली. त्यात एक होतं, माझ्या आईचा गुडघा दुखायचा आणि ती घरी आली की मी तिला लिफ्टमध्ये बसवून स्वतः जिन्याने पळत जायचो. तिला वाटायचं मी व्यायाम करतोय.

पहिल्यांदा तिच्यासोबत लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा धडधड पूर्वीइतकीच होती. वरचे लाल आकडे बदलताना मोजत होतो. आई काहीतरी शेजाऱ्यांचं सांगत होती. चौथ्या मजल्यानंतर लक्षात आलं की ती काय सांगतेय ते मला ऐकू येतंय. बस, एवढंच झालं त्या दिवशी. धडधड होती आणि गोष्टही ऐकू येत होती.

आता महिन्यातून एखाद्या वेळी पोटात गोळा येतो. सदस्यनाम बदलायचा कंटाळा करतोय.

तळटीप (बुधवार, सकाळी ११:२०)

_/\_

शब्दवेल्हाळ (बुधवार, दुपारी ४:००)

अवांतर करतो, संपादकांनी हवं तर उडवावं.

आपल्याकडे या आजाराला शब्द किती! धास्ती, धाकधूक, घालमेल, हुरहुर, काळीज लकलकणं, जीव टांगणीला लागणं. आणि सगळ्यांत गंमत 'काळजी'ची. 'काळजी करू नकोस' आणि 'काळजी घे', एकाच दमात दोन्ही सांगतो आपण. एकीत त्रास, दुसरीत माया, शब्द एकच. रातकिडीबाई रात्रभर ठोक्यांची काळजी करतात, घेत नाहीत.

दुसरं, 'स्वीकार'. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ आपलंसं करणं. हा फार मोठा घास आहे. धडधड आपलीशी कशी करणार कुणी? मला त्यापेक्षा 'असू दे' बरं वाटतं. आपण दिवसभर 'जाऊ दे, जाऊ दे' करतो. जाऊ दे म्हटलं की ते जायला हवं ही अपेक्षा आलीच. असू दे मध्ये ती नाही. राहिलं तर राहू दे, गेलं तर जाऊ दे.

कासव (बुधवार, दुपारी ४:२०)

वा. अवांतरात भर: 'माइंडफुलनेस' हा ज्या पाली शब्दाचा अनुवाद, तो 'सति', म्हणजे आपली स्मृती. पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या सुमारास हा इंग्रजी शब्द रूढ केला. लक्ष देण्यापेक्षा आठवण ठेवण्याशी त्याचं नातं जवळचं आहे. भरकटलो हे आठवणं. आणि आठवल्यावर स्वतःला न रागावता परत येणं.

फटकळ (बुधवार, संध्याकाळी ६:००)

'असू दे' चालेल मला. 'सहन कर' मात्र नाही. आमच्याकडे पहिलं म्हणायचे तेव्हाही अर्थ दुसराच असायचा.

उंबरठा (बुधवार, संध्याकाळी ६:३५)

सहन करताना अंग आवळलेलं असतं, ही एक खूण. जबडा, खांदे, पोट बघा. ते आवळलेलं असेल तर तो स्वीकार नाही, ते मुकाट्याने भांडण आहे. आणि घरात कुणी मारत असेल, ऑफिसात कुणी छळत असेल, तर तिथे 'असू दे' हा सल्ला कुणीही देऊ नये.

सांख्यिक (गुरुवार, सकाळी १०:१५)

इथे थोडं थंड पाणी ओततो, कारण धागा स्वीकाराच्या आरतीकडे निघालाय.

एक. 'स्वीकार कमी तर चिंता जास्त' असे शोधनिबंध ढिगाने आहेत. त्यातले बरेच एकाच दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. ज्याला चिंता जास्त तो ती टाळायलाही जास्त धडपडणारच. कोंबडी आधी की अंडं, हे त्यातून कळत नाही.

दोन. अनुभव टाळण्याची वृत्ती मोजायला सात विधानांची जी प्रश्नावली सर्रास वापरतात, तिच्यात 'मला माझ्या भावनांची भीती वाटते' अशा अर्थाचं विधान आहे. हे विधान मोजतंय काय, टाळाटाळ की त्रासच? तसा आक्षेप अभ्यासकांनी घेतलेला आहे आणि मला तो पटतो. दोन तराजूंत एकच बटाटा ठेवायचा आणि वजनं जुळली म्हणून टाळ्या पिटायच्या.

तीन. गट पाडून केलेल्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी केलं. ४७ चाचण्या, ३,५१५ माणसं. सजगतेच्या कार्यक्रमांनी चिंता कमी होते याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. परिणामाचं माप आठ आठवड्यांनी ०.३८, तीन ते सहा महिन्यांनी ०.२२. म्हणजे खरा, पण चमत्कार नव्हे. औषध, व्यायाम किंवा दुसऱ्या उपचारांपेक्षा ध्यान वरचढ आहे असं काही सापडलं नाही.

चिकटपट्टी (गुरुवार, सकाळी ११:४०)

सांख्यिक यांना अनुमोदन. एवढ्यासाठी एवढं अवडंबर? मी रोज गोळी घेतो, दोन वर्षं झाली, झोपतो, कामाला जातो. कुणी गोळीचं नाव काढलं की लोक म्हणतात, अरे त्यापेक्षा ध्यान कर. जणू गोळी म्हणजे कॉपी करून पास होणं.

सांख्यिक (गुरुवार, दुपारी १२:०५)

ही तुलनाही झालीय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिंताविकार असलेले २७६ प्रौढ होते. अर्ध्यांना एस्सिटालोप्राम, अर्ध्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम, जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी सुरू केला तो. निकाल: कार्यक्रम गोळीपेक्षा कमी पडला नाही. दुष्परिणाम गोळीच्या गटात जास्त दिसले. पण लक्षात घ्या, त्या कार्यक्रमात शिक्षक समोर होता, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी ४५ मिनिटं. अ‍ॅप लावून कुशीवर वळणं नव्हे. आणि दोघे सारखे निघाले याचा अर्थ गोळीही तेवढीच चालली.

चिकटपट्टी (गुरुवार, दुपारी १२:१०)

रोज ४५ मिनिटं?? गोळी गिळायला चार सेकंद लागतात.

उंबरठा (गुरुवार, दुपारी १:००)

चिकटपट्टी, गोळी घेणंही स्वीकारच आहे, माझ्या लेखी. मात्र तुम्ही किंवा इथलं कुणीही, धागा वाचून ती मनाने बंद करू नका. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

खडूडस्टर (गुरुवार, रात्री ८:२०)

मी शाळेत शिकवते. आमच्याकडे सगळ्या वर्गांना सक्तीने 'सजगता तास' होता. पोरं एकमेकांना चिमटे काढायची, दोघी-तिघी मात्र रडवेल्या व्हायच्या. आपणच वाईट शिक्षक असं वाटायचं. मग ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीबद्दल वाचलं, ८५ शाळा, आठ हजारांवर मुलं. २०२२ मध्ये निकाल आला की सरसकट सगळ्यांना असे धडे देऊन नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही वेगळा फायदा झाला नाही. वाचून फार हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मौनी (गुरुवार, रात्री १०:४५)

रडवेल्या मुलींबद्दल वाचून लिहितोय. एका दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेलो होतो. सहाव्या दिवशी सगळं अंग झिणझिणायला लागलं, भिंती लांब गेल्यासारख्या वाटल्या. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, बघत राहा, हेही जाईल. गेलं, पण घरी आल्यावर चार महिन्यांनी. तोवर मी स्वतःलाच दोष देत होतो की माझी समता, म्हणजे मनाचा समतोल, कमी पडली.

सांख्यिक (गुरुवार, रात्री ११:००)

मौनी, तुम्ही एकटे नाही. विलोबी ब्रिटन यांच्या गटाने सजगता वर्गातल्या ९६ जणांना नीट खोदून विचारलं. ६ ते १४ टक्क्यांनी टिकून राहिलेला वाईट परिणाम सांगितला. वर्गात नुसतं 'कसं वाटतंय' विचारलं की हे बाहेर येत नाही.

कासव (गुरुवार, रात्री ११:२५)

'बघत राहा' हे सगळ्यांना सगळ्या वेळी लागू नसतं, हे आमच्या पिढीने उशिरा शिकलं. डोळे उघडावेत, पाय जमिनीवर दाबावेत, उठून चालावं, कुणाशी बोलावं. रातकिडी, श्वास हा तुझा चोर असेल तर त्यालाच धरून बसायची सक्ती कुणी केलीय? तळपाय घे. बाहेरचा आवाज घे. हात धुताना पाणी घे.

आडवातिडवा (शुक्रवार, सकाळी ७:००)

रातकिडीताई कुठे आहेत? झोपल्या की काय? (ह.घ्या., म्हणजे हलकेच घ्या.)

रातकिडी (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ३:३०)

आहे हो. झोपले नव्हते, म्हणजे काही रात्री झोपले.

अहवाल देते. अ‍ॅप काढून टाकलं. कासवकाका, दिवसा तळपाय घेते, भांडी घासताना पाणी घेते. एका मानसोपचारतज्ज्ञांकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी ठोके मोजणं बंद करा असं सांगितलं नाही. मोजताना जबडा कसा आहे ते बघा म्हणाल्या. जबडा अडकित्त्यासारखा होता.

मागच्या बुधवारी डाव्या कुशीवर ठोके सुरू झाले. मुद्दाम त्याच कुशीवर राहिले. मोजायला लागले, जबडा सोडला, पुन्हा मोजायला लागले, ३७-३८ पर्यंत आले आणि मग नवऱ्याच्या घोरण्याचं मधेच थांबून पुन्हा सुरू होणं ऐकत बसले. तो किती वेगवेगळ्या सुरांत घोरतो हे मला लग्नाला अकरा वर्षं होऊन माहीत नव्हतं. ठोके गेले की नाही ते बघायचं राहूनच गेलं. सकाळी उठले तेव्हा उजाडलं होतं.

शनिवारी मात्र सगळं मुसळ केरात. दोन तास रडले. फटकळ, तुमच्यासारखं माझंही एक कारण सापडतंय बहुतेक, पण ते इथे नाही लिहीत.

फटकळ (रविवार, रात्री ३:४१)

नका लिहू. व्यक्तिगत निरोप करा वाटलं तर. मी जागीच आहे.

शब्दवेल्हाळ (रविवार, रात्री ३:४४)

मीही.

आडवातिडवा (रविवार, रात्री ३:५०)

या धाग्यावर झोपतं कोण मग? रातकिडीताई, ते घोरणं मधेच थांबतं म्हणालात ना, ते तेवढं डॉक्टरांना दाखवून घ्या. हे मात्र ह.घ्या. नाही. माझ्या काकांचं तसंच होतं, तपासल्यावर झोपेत श्वास अडकतो असं निघालं.

रातकिडी (रविवार, रात्री ३:५२)

अरे देवा. आता तेही ऐकत बसू?

बरं. दाखवते उद्या. मोबाइल ठेवतेय.